देवांची सोर्सबुकं: टेबलावर खरोखर कुठलं कामी आलं?

वीसपैलू · रविवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी.

आमचं टेबल पाच जणांचं. दर शनिवारी रात्री कोथरूडला माझ्या घरी बसतो, अडीच वर्षं झाली. खेळ डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. जग फर्गॉटन रेल्म्सचं (थोडक्यात रेल्म्स), नियम पाचव्या आवृत्तीचे, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, मी. काल एक प्रसंग घडला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

आमच्यातला एकजण लॅथँडरचा क्लेरिक, म्हणजे देवाकडून जादू मिळवणारा पुजारी, खेळतो. लॅथँडर म्हणजे पहाटेचा, नव्या सुरुवातीचा देव. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, अख्खी रात्र भुयारात अडकली होती. बाहेर पडली तेव्हा मी सांगितलं, डोंगरामागे तांबडं फुटलंय, गवत दवाने ओलं आहे, लांब कुठेतरी कोंबडा आरवला. बाकीचे खेळाडू आपापले हिट पॉइंट (जिवाचे गुण) मोजायला लागले. हा मात्र थांबला आणि म्हणाला, "ताई, सूर्य उगवतोय. माझ्या देवाची वेळ आहे ही. मी आता काय करतो?"

मला सांगता आलं नाही. प्लेयर्स हँडबुक उघडलं. मागे देवांचा तक्ता आहे: नाव, अलाइनमेंट (नीतीचा कल), डोमेन (अधिकारक्षेत्र), चिन्ह. चार रकाने. सकाळी उठून भक्ताने काय करायचं, याला रकानाच नाही.

तर दोन प्रश्न.
देवांवरची एवढी सोर्सबुकं (खेळाच्या जगाची माहिती देणारी पुस्तकं) निघाली, त्यातलं तुमच्या टेबलावर खरोखर कुठलं वापरलं गेलं?
आणि दिवाळीनंतर मी स्वतःचं जग सुरू करतेय, एक बंदर आणि खाडीकाठची सात गावं. त्यातल्या देवांबद्दल काय लिहून ठेवू, आणि किती देव पुरे?

खणखणीत · रविवार, सकाळी ९:३२

जागा राखून ठेवतो. चहा घेऊन येतो.

जुनाखेळिया · रविवार, सकाळी १०:०५

वीसपैलू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९६ सालीच छापून झालंय. 'फेथ्स अँड अवतार्स'. लेखिका ज्युलिया मार्टिन, सोबत एरिक बॉइड. दुसऱ्या आवृत्तीच्या काळातलं, खास रेल्म्ससाठीच. पुढे बॉइडनेच १९९७ मध्ये 'पॉवर्स अँड पॅन्थिऑन्स' आणि १९९८ मध्ये 'डेमिह्यूमन डीटीज' लिहून ते तिहेरी केलं. माझी प्रत आतेभावाने अमेरिकेहून बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणली होती. आता शिवण सुटलीय, पानं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो, पण पुस्तक दुसऱ्याला देत नाही.

त्याची मांडणी सांगतो. प्रत्येक देवाला चारपाच पानं. आधी देवाचा स्वभाव, मित्र कोण, वैरी कोण. मग अवताराची आकडेवारी, ती मी आजवर एकदाही वापरली नाही. त्यानंतर येतं सोनं: पंथाची शिकवण, पुजाऱ्यांची रोजची कामं, सणवार, मोठी देवळं कुठे, पूजेचा पोशाख कसा, आणि साहसावर निघताना पोशाख कसा. हे शेवटचे दोन वेगवेगळे दिलेत, बघा. चिखल तुडवत जाणारा पुजारी सोवळ्यात असणार नाही, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

तुमच्या क्लेरिकसाठी: लॅथँडरचे पुजारी उन्हाळ्याच्या मध्यावरच्या सकाळी आणि दोन्ही संपाताच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशीच्या) सकाळी पहाटगाणं गातात, एकाच्या सुरावर दुसऱ्याचा सूर चढवत. त्याला सांगा, गा म्हणावं. सूर लागला नाही तरी चालेल.

पीडीएफ अधिकृतपणे विकत मिळते. आवृत्ती कुठलीही खेळा, या पुस्तकाचा बहुतेक भाग नियमांना बांधलेला नाही.

तर्कट · रविवार, सकाळी ११:२०

मी विरुद्ध बाजूने बोलतो. देवांची सोर्सबुकं हा या छंदातला सगळ्यात जास्त विकत घेतला जाणारा आणि सगळ्यात कमी खेळला जाणारा प्रकार आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुरुवातच चुकली. १९७६ मध्ये 'गॉड्स, डेमिगॉड्स अँड हीरोज' नावाची पुस्तिका आली, रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांची. तिच्या प्रस्तावनेतच संपादकाने लिहिलंय की चाळीस-चाळीस पातळ्यांची पात्रं मिरवणाऱ्या टेबलांना भानावर आणण्याचा हा शेवटचा प्रयत्न आहे. खुद्द ओडिनला ३०० हिट पॉइंट, तर तुमच्या वीराचं काय घेऊन बसलात, असा त्याचा रोख. झालं उलटंच. आकडा छापला की तो मारायचा आकडा होतो. १९८० मध्ये त्याच दोघांचं 'डीटीज अँड डेमिगॉड्स' आलं, त्यात झ्यूसला ४००. ते पुस्तक राक्षसांच्या यादीसारखं वापरलेलं मी स्वतः पाहिलंय. आमच्या हॉस्टेलवर एकाने थॉर मारला आणि हातोडा वाटणीत कुणाला यावर दोन दिवस अबोला होता.

म्हणून माझा सल्ला: देवांचं पुस्तक विकत घेऊ नका. एका पानावर नावं लिहा नि खेळायला लागा.

रानमोगरी · रविवार, दुपारी १२:०२

थॉरच्या हातोड्यावरून अबोला. 😄 कोणाला मिळाला शेवटी?

तर्कट · रविवार, दुपारी १२:१०

ज्याची खोली होती त्याला.

एडिसनकर · रविवार, रात्री ८:४५ (इकडे सकाळ)

तर्कट, १९८० च्या त्याच पुस्तकाबद्दल एक आठवण सांगायचीय.

मी शिकायला इकडे आलो तेव्हा पहिलं टेबल मिळालं ते एका मित्राच्या बेसमेंटमध्ये. त्याच्या वडिलांची जुनी प्रत होती. मोठ्या कौतुकाने त्याने मला पान उघडून दाखवलं, "हे बघ, तुमचेही आहेत." ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन यांच्या रांगेत भारतीय प्रकरण. इंद्र, अग्नी, काली, यम. प्रत्येकाला आर्मर क्लास (वार किती चुकतो याचा आकडा), प्रत्येकाला हिट पॉइंट. मुलगा सालस होता, मला आपलं वाटावं म्हणूनच दाखवत होता. पण मला ते पान धड बघवेना. झ्यूसच्या देवळात आज कुणी रांगेत उभं नाही. कालीच्या देवळात माझी आजी दर अमावास्येला जायची. ज्या नावापुढे आजीला डोळे मिटताना पाहिलं, त्या नावापुढे आकडा.

मी त्याला तेवढंच सांगितलं. त्याने पुस्तक मिटलं आणि त्या टेबलावर पुन्हा कधी ते प्रकरण उघडलं नाही. आम्ही अजून मित्र आहोत.

मला एवढंच म्हणायचंय की कल्पित देवांना आकडे द्या, खुशाल द्या. ज्यांची पूजा चालू आहे त्यांना नको. २००२ मध्ये तिसऱ्या आवृत्तीसाठी त्याच नावाचं पुस्तक नव्याने आलं त्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन राहिले, भारतीय प्रकरण नाही. मला ते योग्य वाटलं.

पानगळ · रविवार, रात्री ९:३०

एडिसनकर, पटलं. मात्र रेल्म्सचे देवही सगळे कोरे करकरीत नाहीत. टिर हा नॉर्स, हात गमावलेला. ओग्मा आयरिश. मिएलिकी आणि लोव्हिएटार फिनलंडच्या. रेल्म्सचा निर्माता एड ग्रीनवुड, त्याने त्यांना उचलून आपल्या जगात रुजवलं. फरक असा की रुजवताना त्यांचं आयुष्य बदललं, त्यांना नवी देवळं, नवे शत्रू, नवे भक्त दिले. नुसतं नाव आणि आकडा उचलला नाही.

आडवाटेचा_भिडू · सोमवार, सकाळी ७:५०

सगळे डी अँड डीतच अडकलात. ग्लोरांथाचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं.

ग्रेग स्टॅफर्डचं जग. १९७८ मध्ये त्यावर 'रूनक्वेस्ट' हा खेळ आला आणि १९७९ मध्ये 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स', स्टीव्ह पेरिन आणि स्टॅफर्ड यांचं. माझ्या लेखी देवांवरचं आजवरचं सर्वोत्तम पुस्तक. कारण सांगतो.

रूनक्वेस्टमध्ये क्लेरिक हा वेगळा वर्गच (पात्राचा प्रकारच) नाही. मुळात वर्गच नाहीत. शेतकरी असो, व्यापारी असो, तलवारबाज असो, प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या देवाचा. पंथात शिरायच्या पायऱ्या आहेत. आधी नुसता येऊन-जाऊन असणारा, मग दीक्षा घेतलेला, मग पुजारी किंवा रूनलॉर्ड. दीक्षा घेतली की कमाईचा दहावा हिस्सा आणि वेळेचा दहावा हिस्सा पंथाला. म्हणजे देव हा तुमच्या महिन्याच्या हिशेबात येतो. "या आठवड्यात मोहीम नको, देवळात माझी पाळी आहे," असं माझ्या टेबलावर खेळाडू आपणहून म्हणतात.

आणि पंथ सोडला तर? त्याचंही कलम आहे. देवाकडून पाठीमागे लागणारी शिक्षा, प्रत्येक पंथाची निराळी. चलाना अरॉय ही उपचारांची देवी. तिच्या दीक्षितांनी जिवंत प्राण्याला इजा करायची नाही, कुणालाही. हुमाक्ट हा मृत्यूचा आणि तलवारीचा देव. तो वरदान देतो पण प्रत्येक वरदानासोबत एक नेम गळ्यात घालतो: दबा धरून वार करायचा नाही, विषाला हात लावायचा नाही, असे. आणि त्याचा माणूस मेला की मेला, त्याला परत उठवता येत नाही. ज्याने मृत्यूलाच देव मानलं, त्याला मृत्यूतून सूट कशी मागता येईल?

पुस्तकभर एका व्यापाऱ्याचा प्रवास चालू राहतो, इसारिएस या व्यापाराच्या देवाचा पुजारी. पंथागणिक त्याच्या प्रवासातला एक तुकडा. तो त्या त्या लोकांत राहतो, सौदा करतो, घाबरतो, जेवतो. नियम वाचून जे कळत नाही ते त्याच्या जेवणावरून कळतं. तर्कट, हे पुस्तक वाचून मग एका पानाचा सल्ला द्या.

जुनाखेळिया · सोमवार, सकाळी ९:१५

भिडू, त्यात एक जुना धागा जुळतो. ग्लोरांथा छापणारी केओसियम हीच. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स'च्या सुरुवातीच्या प्रतींत क्थुलू (लव्हक्राफ्टच्या भयकथांतले देव) आणि मेलनिबोने (मूरकॉकच्या कादंबऱ्यांतलं जग) ही दोन प्रकरणं होती. त्यांचे हक्क केओसियमकडे होते. केओसियमने आभाराच्या ओळीवर परवानगी दिली. पण डी अँड डीच्या प्रकाशकांना वाटलं, आपल्या पुस्तकात प्रतिस्पर्ध्याचे आभार कशाला, म्हणून पुढच्या छपाईत ती दोन्ही प्रकरणं गळाली. १४४ पानांचं पुस्तक १२८ चं झालं. जाड प्रत कुणाकडे असेल तर जपा.

नवशिका_भिडू · सोमवार, दुपारी १:४०

नमस्कार, मी नवीन आहे. 'बाल्डर्स गेट ३' हा रेल्म्समधला व्हिडिओ गेम खेळून इथे आलो. त्यातली शॅडोहार्ट शार देवीची भक्त असते, आणि सेलूनेशी शारचं वैर. ते वाचायला कुठून सुरू करू? आणि बेन, भाल, मर्कुल यांना गेममध्ये मृत त्रयी म्हणतात. मेलेत तर कट कसे करतात?

जुनाखेळिया · सोमवार, दुपारी ३:००

ये बाबा, स्वागत. शार आणि सेलूने जुळ्या बहिणी, एक अंधार, एक चंद्रप्रकाश. दोघींची प्रकरणं 'फेथ्स अँड अवतार्स'मध्येच आहेत.

आता त्रयी. रेल्म्सच्या पंचांगात १३५८ सालचा 'टाइम ऑफ ट्रबल्स'. बेन आणि मर्कुलने नियतीच्या पाट्या चोरल्या. देवांचाही देव आओ, तो भडकला आणि सगळ्यांना मर्त्य देहात खाली ढकललं. एकट्या हेल्मला दारावर पहारा दिला. त्या धुमश्चक्रीत बेन, भाल, मर्कुल मेले. पुढे काळाच्या ओघात परतले, कारण रेल्म्समध्ये मेलेला देव फार काळ स्वस्थ पडत नाही.

या गोष्टीमागे अजून एक गोष्ट आहे. १९८९ मध्ये नियमांची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यातून असॅसिन हा वर्ग काढून टाकला. मग कथेतले मारेकरी कुठे गेले? तर भाल हा खुनाचा देव, त्याचे सगळे मारेकरी बेनने स्वतःचं बळ वाढवण्यासाठी एकदम संपवले असं ठरलं. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, जादूचे नियम मुळापासून बदलले, आणि जादूची देवी मिस्ट्रा मारली गेली. नियमपुस्तक बदललं की रेल्म्समध्ये कुणाचं तरी सुतक येतं.

खणखणीत · सोमवार, दुपारी ३:२२

प्रत्येक देवाला 'पोर्टफोलिओ' असतो त्याला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या टेबलावर एकमत झालं: खातं. सिरिकने मेलेल्या तिघांचीही खाती एकट्याने घेतली, मग मृतांचं खातं केलेम्वोरकडे गेलं. खातेवाटप झालं की रुसवेफुगवे आलेच. हे शब्द वापरायला लागल्यापासून आमच्या खेळाडूंना रेल्म्सचा पूर्ण इतिहास पाठ आहे.

रानमोगरी · सोमवार, दुपारी ३:३०

खातं! आजपासून हाच शब्द. आणि वाऊकीन, व्यापाराची देवी, त्या गोंधळानंतर बेपत्ताच होती की. म्हणजे अर्थखात्याला मंत्रीच नाही.

तर्कट · सोमवार, रात्री १०:१०

भिडू, ग्लोरांथाचं मान्य. तिथे देवांचं पुस्तक हेच पात्रांचं पुस्तक आहे, त्यामुळे ते वापरलं जाणारच. माझा आक्षेप यादीवाल्या पुस्तकांना होता.

पण मला अजून एक खटकतं. रेल्म्समध्ये देव आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. तो गल्लीतून चालत जातो. मग श्रद्धा कशाची? म्हणून मला एबरॉन आवडतं. कीथ बेकरचं जग, २००४. तिथे देव खाली उतरत नाहीत, कुणी त्यांना पाहिलेलं नाही. क्लेरिकला शक्ती मिळते ती श्रद्धेतूनच, आणि चांगल्या देवाचा पुजारी लबाड निघू शकतो, त्याची जादू तरीही चालते. २००६ चं 'फेथ्स ऑफ एबरॉन' वाचा. शंका घेणारा पुजारी खेळायचा असेल तर तिथेच खेळता येतो.

पानगळ · सोमवार, रात्री ११:४५

तर्कट, इथे माझं तुमच्याशी भांडण आहे. देव असल्याची खात्री असली की भक्ती सोपी होते, हे मला पटत नाही. आपल्याकडेच बघा. माझ्या आईला देव आहे की नाही हा प्रश्न आयुष्यात पडलेला नाही. तिला पडणारे प्रश्न वेगळे: नवस बोलला तो फेडायचा राहिलाय का, कुळाचाराला कुणाला बोलवायचं, देवीची ओटी यंदा कुणाच्या हातून. असण्याची खात्री असलेल्या देवाशी नातं सांभाळणं हे जास्त जिकिरीचं काम आहे.

इंग्रजी पुस्तकांत सगळ्यालाच एक शब्द, वर्शिप. आपल्याकडे भक्ती वेगळी, नवस वेगळा, उपासना वेगळी आणि धाक वेगळा. रेल्म्सचा साधा शेतकरी हे चारही करतो. पेरणीला चाँटियाला हात जोडतो. वादळ येऊ नये म्हणून टॅलॉसला काहीतरी देतो, प्रेमाने नव्हे. मूल आजारी पडलं की इल्मॅटरच्या मठात जातो, कारण दुखणं सोसणाऱ्यांचा तो देव, आणि त्याचे पुजारी दिवसातून सहा वेळा प्रार्थनेला बसतात, म्हणजे कुणीतरी जागं सापडणारच. दुसऱ्या आवृत्तीची पुस्तकं हे स्पष्ट सांगतात की एक आपला देव असला तरी माणसं गरजेप्रमाणे बाकीच्यांनाही भजतात. पात्र तयार करताना मात्र एकाच देवाची ओळ भरायला जागा असते, आणि खेळाडूला वाटतं की बाकीच्यांशी आपला संबंध नाही.

एडिसनकर · मंगळवार, पहाटे ४:२०

आणि जो कुणालाच भजत नाही त्याला 'वॉल ऑफ द फेथलेस'. मेल्यावर त्याचा आत्मा भिंतीत चिणतात. मर्कुलने बांधलेली भिंत. केलेम्वोरसारखा सरळ मनाचा मृत्युदेव आला तरी भिंत राहिलीच, याचा मला कायम त्रास झालाय. २०१५ च्या 'स्वोर्ड कोस्ट अॅडव्हेंचरर्स गाइड'मध्येही उल्लेख होता, तो नंतरच्या दुरुस्तीत काढला. मी माझ्या टेबलावर ती भिंत खेळाडूंना पाडू दिली. आठ महिने लागले. माझ्या कॅम्पेनचा, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेचा, तो सगळ्यात चांगला काळ.

किनारपट्टी · मंगळवार, दुपारी २:३०

वीसपैलूताई, तुमच्या खाडीच्या गावांचं वाचलं आणि राहवलं नाही. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं.

आधी पुस्तकातलं. अंबरली ही रेल्म्सची सागरदेवी. तिच्यावर कुणाचं प्रेम नाही, पण तिला काही दिल्याशिवाय जहाज निघत नाही. बंदरातला बर्फ फुटून समुद्र मोकळा झाला की 'फर्स्ट टाइड' नावाचा विधी असतो. वाजतगाजत मिरवणूक निघते, एका जनावराला दगड बांधून पाण्यात टाकतात. ते जिवंत किनाऱ्याला लागलं तर त्याला बरं करून पुढे देवीचं म्हणून सांभाळतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नारळी पौर्णिमाच आठवली. आपल्याकडे नारळ, तिकडे जनावर. आपल्या कोळ्यांचं समुद्राशी जिव्हाळ्याचं नातं, तिकडे निव्वळ भीती. पण दोन्हीकडे मधला काळ समुद्र बंद, आणि आधी त्याला दिल्याशिवाय कुणी होडी लोटत नाही. ज्याने लिहिलं त्याला दर्यावर्दी माणूस कळला होता.

आता आमच्या टेबलाचं. 'ऑगरी' स्पेल असतो ना, काम सुरू करण्याआधी शुभ की अशुभ विचारायचा? त्याऐवजी मी कौल आणला. आमच्या गावच्या देवळात गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी अर्धा तास काहीच पडत नाही. सगळे गप्प उभे असतात, समईच्या वातीचाही आवाज येईल असं.

टेबलावर मी पाकळ्यांऐवजी एकाच रंगाचे दोन फासे ठेवले, एक उजवीकडे, एक डावीकडे. एकाने गाऱ्हाणं म्हणायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मग दोन्ही टाकायचे. मोठा आकडा ज्या बाजूला, तो कौल. सारखे पडले तर देव बोलत नाही, पुन्हा विचारायचं नाही, त्या दिवशी काम करायचं नाही. पहिल्याच वेळी सारखे पडले. पार्टी दरवाजातून परत फिरली आणि रात्रभर तळ ठोकून बसली. एकाही खेळाडूने कुरकुर केली नाही. सोर्सबुकातला स्पेल असता तर "बरं, उद्या परत टाकू" म्हणून पुढे गेले असते.

त्यामुळे माझं मत: देव काय आहे याच्या चार ओळी पुरतात, त्याला विचारायचं कसं ते लिहा.

रानमोगरी · मंगळवार, दुपारी २:४८

अंगावर काटा आला, किनारपट्टी. वाचनखूण साठवली.

आडवाटेचा_भिडू · मंगळवार, रात्री ८:००

+१. आणि राखणदार विसरू नका. मोठ्या देवाची एक ओळ चालेल, पण पुलाखालच्या, वेशीवरच्या, त्या एका वळणावरच्या देवाला नाव पाहिजे. 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स'मध्ये पाविस हा एका शहरापुरता देव आहे. शहराबाहेर त्याला कुणी विचारत नाही, शहरात त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्याच पुस्तकात सेव्हन मदर्सचा पंथ आहे, जिंकून आलेल्या साम्राज्याचा. तो सगळ्यांना दार उघडं ठेवतो. जिंकलेल्या शहरात कुठल्या देवळात जायचं यावरूनच तुम्ही कुणाच्या बाजूचे ते ठरतं. एवढ्यावर माझं दोन वर्षांचं कॅम्पेन चाललं.

तर्कट · मंगळवार, रात्री ९:१५

किनारपट्टी, कौलाचा नियम मी या रविवारी आमच्या टेबलावर वापरतोय. हरकत नसावी.

वीसपैलू, 'किती देव' याचं उत्तर आता बदलून देतो. खेळाडूंना पहिल्या दिवशी तीन सांगा. ज्याची भीती वाटते तो, ज्याच्याकडे रोज जातात तो, आणि ज्याच्यावरून भांडण होतं तो. बाकीचे गावागावात भेटतील.

नवशिका_भिडू · बुधवार, सकाळी ११:३०

पाथफाइंडर, डी अँड डीसारखाच खेळ, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही? कॉलेजमधले मित्र तेच खेळतात.

खणखणीत · बुधवार, दुपारी १२:१५

गोलारियन, त्यांच्या जगाचं नाव. 'इनर सी गॉड्स', २०१४. चित्रं सुरेख, आणि प्रत्येक प्रमुख देवाचे सण, म्हणी, पुजाऱ्यांचं वागणं नीट दिलंय. २०२४ मध्ये त्यांनीही एक देव मारला, युद्धदेव गोरम. वर जुनाखेळिया काकांनी सुतकाचं लिहिलंय ते तिकडेही लागू.

वीसपैलू · रविवार, सकाळी १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर धागा घरच्यांनाही वाचून दाखवत होते. 'फेथ्स अँड अवतार्स'ची पीडीएफ घेतली, लॅथँडरचं प्रकरण छापून काढलं आणि काल क्लेरिकवाल्या मुलाच्या हातात दिलं.

त्याने ते बसमध्ये वाचलं होतं. खेळात पहाट झाली तेव्हा मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मी पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो, दोन्ही तळवे उघडे. आज नव्याने काय सुरू करणार ते एक वाक्य मोठ्याने बोलतो." तळव्यांचं आणि वाक्याचं पुस्तकात नाही, ते त्याचं त्याने ठरवलं. म्हणाला, "आज मी त्या गावच्या म्हातारीला खरं सांगणार." पंधरा दिवसांपूर्वी पार्टीने तिला तिचा मुलगा जिवंत आहे असं खोटं सांगितलं होतं. टेबलावर कुणी बोलेना. मग रोग (चोरट्या पात्राचा वर्ग) खेळणारी मुलगी हळूच म्हणाली, "मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते." काल रात्री लढाई झालीच नाही. ती म्हातारी आणि ही पार्टी, यातच एक वाजला.

आता माझं जग. एक देव लिहून काढलाय, बघा.

तरीआई. खाडी ओलांडणाऱ्यांची देवी. देऊळ नाही. प्रत्येक होडीत तळफळीखाली एक खोबण असते, ती तिची जागा. दिवसाच्या पहिल्या उताऱ्याचं नाणं नावाड्याच्या कनवटीला जात नाही, खोबणीत जातं. पाणी ओलांडताना कुणी "पोचलो" म्हणायचं नाही. पाय जमिनीला लागला की मग म्हणायचं. होडीतून मढं न्यायचं असेल तर त्याचाही उतारा द्यावा लागतो, आणि तो त्याच्या वैऱ्याने द्यायचा. तिला विचारायची रीत: भरतीच्या वेळी होडी सोडून द्यायची, वल्हं न मारता. ज्या काठाला लागेल तो कौल. (किनारपट्टी, ऋणी आहे.) भांडण: मिठागरं करणाऱ्यांचा देव सूर्य. त्यांना खाडी अडवून हवी, नावाड्यांना मोकळी. दर पावसाळ्याआधी बांधावर मारामारी होते.

काही राहिलंय का?

जुनाखेळिया · रविवार, सकाळी ११:०२

वैऱ्याने मढ्याचा उतारा द्यायचा, हे वाचून उठून येरझारा घातल्या. त्या एका ओळीवर तीन रात्री खेळता येईल. आकडे बिलकुल घालू नका.

तर्कट · रविवार, सकाळी ११:३५

एक विचारतो. कुणी चुकून मध्यावरच "पोचलो" म्हणालं तर?

वीसपैलू · रविवार, सकाळी ११:५०

नावाडी वल्हं वर उचलतो आणि होडी पाण्यावर सोडून देतो. ज्याने शब्द उच्चारला त्याने उतरून पोहत काठ गाठायचा, मग बाकीची होडी निघते. पोहता येत नसेल तर होडीतल्या कुणीतरी त्याच्याऐवजी उतरायचं, आपणहून. कुणीच उतरलं नाही तर ओहोटी लागेपर्यंत सगळे तिथेच बसून राहतात.

किनारपट्टी · रविवार, दुपारी १२:०५

दिवाळीनंतर टेबलावर एक जागा रिकामी असेल तर सांगा, ताई. मालवणहून ऑनलाइन बसेन. मला नावाडी खेळायचाय.